रेवस ते जमेल तिथवर : तयारीच्या नोंदी

१७ जुलै २०२५

कामाचं नाव : रेवसहून निघून किनाऱ्याने दक्षिणेकडे पायी. शेवटचं ठिकाण गोव्याच्या सीमेजवळचं रेडी, निदान कागदावर तरी. माणसं दोन. मी ६३, ठाण्यात नौपाड्याला. ताई ६७, नेरूळला. मी पाटबंधारे खात्यातून अनुरेखक म्हणून निवृत्त झाले, ताई सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून. मैत्री ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यातली, त्यामुळे भांडायचं कसं आणि मिटवायचं कसं हे दोन्ही येतं.

आमच्या वयाच्या बाईने लांब पायी जायचंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला : "नर्मदा परिक्रमा का?" नाही. सलग काही महिने घराबाहेर राहणं मला जमणार नाही आणि नदी ओलांडायची नाही वगैरे नियम ताईला झेपणार नाहीत. ताईने वारी केली आहे, आळंदी ते पंढरपूर. पण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमधून जातं. इथे ते पाठीवर असणार.

शाळेत राज्याची किनारपट्टी ७२० किलोमीटर असं पाठ केलं होतं. त्यातला पालघर-मुंबईचा भाग वजा केला तरी उरतं ते एका हिवाळ्यात होणारं नाही, हे दोघींनाही दिसतंय. म्हणून वहीवर नाव घातलं 'रेवस ते जमेल तिथवर'. ताई म्हणाली, "परिक्रमेत नर्मदा उजव्या हाताला ठेवतात ना, आपण समुद्र ठेवू. तेवढंच पुण्य."

२९ जुलै

तपासण्या उरकल्या. यादी ताईची : ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, साखर, डोळे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. माझ्या डाव्या गुडघ्यात झीज आहे, ती नवी नाही. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत आणि दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलंय. ताईला रक्तदाबाच्या दोन गोळ्या आहेत. त्यातल्या अ‍ॅम्लोडिपिनने घोट्याला सूज येऊ शकते आणि दुसरी लघवीची. उन्हात चालून घाम गाळायचा आणि वर लघवीची गोळी, म्हणजे अंगातलं पाणी नि मीठ दोन्ही बाजूंनी जाणार. ताई स्वतः नर्स असून तिने यात हात घातला नाही, डॉक्टरांकडूनच वेळ बदलून घेतली. आमच्या सोसायटीत एकमेकांच्या गोळ्या बदलून बघणारे महाभाग आहेत, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

१० ऑगस्ट

आज सगळा तक्ता फाडला.

चेंदणी कोळीवाड्यात माझी नेहमीची मासळीवाली आहे. नारळी पौर्णिमेची गडबड ओसरल्यावर तिच्याकडे विषय काढला, तर तिने सासऱ्यांनाच बाहेर बोलावलं. आजोबांनी आमचा तक्ता पाहिला. रोज पंधरा किलोमीटर, सकाळी सात ते बारा, मुक्कामांची नावं, लाल-निळ्या शाईत. मला त्याचा जरा अभिमानच होता. त्यांनी एवढंच विचारलं, "यात तिथी कुठंय?"

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी भरती सव्वाअकराच्या आसपास, दिवसा आणि रात्री. तृतीयेला सव्वादोन. अष्टमीला सहा. भरती नि ओहोटी यांत सव्वासहा तास धरायचे, आणि रोज वेळ पाऊण-पाऊण तासाने पुढे सरकते. घरी येऊन मुंबईच्या भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. कुठे अर्धा तास, कुठे पाऊण तास इकडेतिकडे, पण आराखडा आखायला पुरेसं आहे. प्रत्यक्ष निघताना छापील वेळच धरायची, कारण दक्षिणेकडे सरकलं की वेळही बदलते आणि पाण्याची चढउतारही मुंबईपेक्षा कमी होत जाते.

आम्हाला याचं काय, तर सगळंच. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते. चालण्याजोगी वाळू ती ओली, दबलेली, आणि ती सापडते फक्त ओहोटीच्या आगेमागे दोन-अडीच तास. अलिबागला कुलाब्याच्या किल्ल्यात पायी जाणारे लोक ज्या वेळेवर जातात, तीच आमची चालायची वेळ.

आता मांडणी अशी. पौर्णिमेला ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला, अंधारात. प्रतिपदेला सातला, तृतीयेला साडेआठला, पंचमीला दहाला. म्हणजे प्रतिपदा ते पंचमी सकाळी उजेडात, उन्हाआधी, कडक वाळू मिळते. शिवाय उधाणाचे दिवस असल्याने पाणी लांब हटतं. अष्टमीला ओहोटी ऐन दुपारी सव्वाबाराला, आणि भांगाचे दिवस, पाणी धड चढत नाही की धड उतरत नाही, त्यामुळे पट्टाही अरुंद. त्या दिवसांत चालण्यात अर्थ नाही. महिन्यात दोन पंधरवडे, प्रत्येकात पाच-सहा दिवस सकाळी चालणं. बाकी दिवस मुक्काम.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाच दिवस ड्युटी, मग सुटी. आणि रोज जेमतेम चार-पाच तास. हे आपल्या वयाला बघूनच कुणीतरी आखलंय." रोजची हद्द पंधराऐवजी बारा किलोमीटर केली. तेही जास्तीत जास्त.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीत सराव बंद. पुरणपोळीचा हिशेब ठेवलेला नाही.

२१ सप्टेंबर

येऊर. उपवनच्या बाजूने वर. पाऊस थांबला होता पण रस्ता ओला. बिबट्याचं जंगल आहे, त्यामुळे उजाडल्यावरच आत शिरतो. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वजन केलेलं.

निरीक्षण : चढाला मी पुढे जाते, उताराला ताई, आणि सपाटीला ताई इतकी पुढे जाते की तिच्याशी बोलायला फोन लावावा लागेल. वॉर्डात जन्मभर झपझप चालण्याची सवय. मागच्या रविवारी पामबीच रस्त्याने वाशी ते बेलापूर गेलो तेव्हाही हेच. नियम केला की त्या-त्या जमिनीवर जी हळू, ती पुढे. मागे राहिलेल्या माणसाला वाटतं आपल्यामुळे उशीर होतोय, मग तो विश्रांती मागत नाही, पाणी पीत नाही. ताईने हे वारीत पाहिलंय. धाप लागलेली म्हातारी माणसं दिंडी पुढे जाईल या भीतीने थांबत नाहीत आणि मग थेट तंबूत सलाईनला येतात.

काठ्या घेतल्या, दोघींना दोन-दोन. गुडघ्याला उताराला फार फरक पडतो. वाळूत टोक रुतू नये म्हणून खाली रुंद चकती लावायची असते, ती वेगळी मागवली.

५ ऑक्टोबर

वजनाचा दिवस. ताईच्या घरी, नेरूळ.

ठरवलं होतं की पाण्यासकट सामान शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ताई ५२ किलोची, म्हणजे सव्वापाच. मी ६४, म्हणजे साडेसहाच्या आत. तंबू, चटई, स्टोव्ह यातलं काही नाही. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय गावोगाव मिळते. तरी पहिल्या फेरीत माझी सॅक साडेनऊ भरली! हुकाच्या काट्यावर एकेक वस्तू टांगून पाहिली. टॉवेल गेला, पंचा आला. चादर गेली, जुनी सुती साडी आली. ती पांघरायला होते, आडोसा होते, वाळत घालून तासात सुकते. स्टीलचा डबा गेला. दोन पंजाबी ड्रेस, एक गाऊन, बस. जांघेत नि काखेत घासून सोलवटतं त्यासाठी पेट्रोलियम जेलीची लहान डबी. ओआरएसची पाकिटं, एक पाकीट लिटरभर पाण्यात, अंदाजाने नाही. शिटी, टॉर्च, पॉवर बँक, नायलॉनची दोरी.

गोळ्या दोन्ही सॅकमध्ये वाटल्या. माझ्याकडे ताईच्या चार दिवसांच्या, तिच्याकडे माझ्या. एक सॅक पाण्यात गेली तर दुसरीत असाव्यात. प्रिस्क्रिप्शनच्या झेरॉक्स प्लास्टिकमध्ये.

वाद दोनच. ताईचं बीपीचं मशीन, ४०० ग्रॅम, तिला हवंच. माझा तांब्या, मला हवाच. बाटलीने तोंड वर करून पाणी प्यायचं हे मला अजून जमत नाही आणि सकाळी इतर कामालाही तांब्या लागतो. ताई म्हणते, प्लास्टिकचा मग घे. बघू.

शौचालयांची वेगळी यादी करतेय. हा विषय पुरुषांच्या प्रवासवर्णनांत कधी येत नाही आणि आमचा अर्धा मार्ग त्यावर ठरणार आहे. एसटी स्थानक, पेट्रोल पंप, देवळाजवळचं, ग्रामपंचायतीचं, आणि जिथे रात्र काढली त्या घरातलं निघतानाचं. दोन ठिकाणांत दीड तासापेक्षा जास्त अंतर पडलं तर नकाशावर लाल खूण. बायका घराबाहेर पडल्या की पाणी कमी पितात ते याच धास्तीने, आणि उन्हात तेच अंगाशी येतं.

१२ ऑक्टोबर

घर. हे सगळ्यात अवघड काम होतं म्हणून मागे ठेवलं होतं.

नातवाला शाळेतून आणायचं काम माझं. सून म्हणाली, "आई, तुम्ही जा हो, मी बघते," आणि त्या 'बघते'चा अर्थ दोघींना कळला. मी निघायच्या आत घर माझ्याशिवाय चालायला लागलं पाहिजे, म्हणून आजपासून आठवड्यातले तीन दिवस सोसायटीतल्या दुसऱ्या मुलांबरोबर व्हॅन. मी घरात असूनही जात नाही. ह्यांना वरण-भात-कोशिंबीर येते. पोळ्या बाहेरून. त्यांनी माझ्या सॅकमधली शिटी दोनदा वाजवून पाहिली आणि ऐकू येते का हे बघायला मला खाली फाटकापर्यंत पाठवलं. काळजी दाखवायची त्यांची ही पद्धत.

ताईशी मात्र वाजलं. मधल्या भांगाच्या दिवसांत घरी यायचं, असं माझं म्हणणं. ती म्हणते, "एकदा घरी आलीस की संपलं. दूधवाला, केबलवाला, नातवाचा ताप, कुणी ना कुणी धरून ठेवेल." खरं आहे. पण तिचा मुलगा पुण्यात, घरात ती एकटी. तिला घर सोडणं आणि मला सोडणं यात फरक आहे, हे मी बोलून दाखवलं. तिला लागलं असावं. दोन दिवस फोन नाही. मग तिनेच तोड काढली : पंचमीनंतर मी श्रीवर्धनहून एसटीने ठाण्याला यायचं, ती तिथेच राहील, एकादशीला मी परत. सगळे दिवस बरोबर काढायचे असं कुठे ठरलं होतं? मला आठवत नाही, तिलाही नाही.

१ नोव्हेंबर

पैसे. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, २०२३ पासून. त्यामुळे कुठूनही परत फिरणं स्वस्त आहे. प्रत्येक मुक्कामापासून जवळचं एसटी स्थानक आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय वहीत लिहिलं. राहणं-जेवण डिसेंबरच्या शनिवार-रविवारी महाग, नाताळात तर विचारूच नका. म्हणून गर्दीची गावं आठवड्याच्या मधल्या वारांना पडतील असं बघतेय, पण तिथी आणि वार दोन्ही जुळवणं म्हणजे पत्रिका जुळवण्यापैकी.

२१ नोव्हेंबर, अलिबाग

रंगीत तालीम. काल अमावस्या, आज प्रतिपदा. किहीमला राहून आज उजाडता निघालो, थळ-वरसोलीवरून अलिबाग. पाणी इतकं मागे गेलं होतं की किनारा मैदान वाटत होता.

आजोबांचा हिशेब पायाखाली उतरला. खाली, पाण्याच्या कडेला वाळू सपाट नि टणक, काठीची चकतीसुद्धा उमटत नाही. तीच वाळू वरच्या अंगाला तिरपी. पाणी चढू लागल्यावर आम्ही वर सरकलो आणि अर्ध्या तासात माझा डावा गुडघा बोलायला लागला. कारण साधं आहे. दक्षिणेला चालताना समुद्र उजवीकडे, म्हणजे उतारही उजवीकडे. उजवा पाय खाली, डावा वर, आणि वरचा पाय प्रत्येक पावलाला जास्त वाकतो. बिघडलेला गुडघा नेमका डावा. ताई म्हणाली, "पुण्य उलटलं." उपाय दोन. पाणी वर यायला लागलं की वाळू सोडायची आणि गावातल्या रस्त्याला लागायचं. आणि मधेमधे थोडं मागे, उत्तरेकडे चालून यायचं. दुसरा उपाय ताईचा. लोक वळून बघत होते.

वाळूत पुढे कोण हा प्रश्नही सुटला. ओल्या वाळूवर दोघींचा वेग एक येतो. का ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

बूट की सँडल? पुढून बंद, मागून पट्ट्याची सँडल. बुटात वाळू गेली की मोज्यात फोड येतो, अनवाणी चालावं तर कातळावर कालवांच्या कडा पाय कापतात. थळजवळ खडकावर बायका कालवं काढत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हिरव्या दगडावर पाय देऊ नका, काळ्यावर द्या." हिरवा म्हणजे शेवाळ. उथळ पाण्यातून जाताना पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत न्यायचं, म्हणजे वाळूत दबून बसलेलं पाकट आधीच सरकतं.

संध्याकाळी ताईच्या घोट्यांना सूज, बोट दाबलं की खड्डा. पाय वर करून झोपली, बीपी मोजलं, ठीक होतं. सकाळी सूज उतरलेली. तरी परतल्यावर डॉक्टरांना दाखवायचं ठरलं.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी ताईची गोळी बदलली नाही, पायमोजे दिले, घट्ट. आणि रोज सकाळ-संध्याकाळ वजन-बीपी लिहायला सांगितलं. वजनाचा काटा काही नेत नाही.

दोघींत ठरलेल्या गोष्टी, लेखी :

खाडी पायी ओलांडायची नाही. गुडघाभर दिसली तरी नाही, गावातला माणूस "या हो, काही नाही होत" म्हणाला तरी नाही. पूल, नाहीतर होडी. रेवदंड्याला पूल आहे, आगरदांडा ते दिघी बोट आहे, पुढे बागमांडला-वेशवी फेरी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. सगळ्या खाड्यांना सोय आहे, उगीच शौर्य नको.

दुपारी बारानंतर चालायचं नाही.

समुद्राचा इशारा रोज रात्री पाहायचा. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राचे अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेकडून उंच लाटांची सूचना येते.

कोणीही "थांबूया" म्हटलं की थांबायचं, आणि चहा पिऊन होईपर्यंत का ते विचारायचं नाही. हे ताईचं कलम. मी त्याला जोडलं की चहा मिळाला नाही तर सरबतही चालेल. परत फिरायचं ठरलं तर दोघींनी. मधल्या सुटीत मी घरी येते ते यात धरायचं नाही, हे तिने स्वतः लिहिलं.

२ डिसेंबर

उद्या निघतोय. मी ठाण्याहून नेरूळ, तिथून दोघी उरणच्या लोकलने. ही गाडी उरणपर्यंत जायला लागल्यापासून, म्हणजे २०२४ पासून, आम्हाला मुंबईला वळसा घालायची गरज उरलेली नाही. उरणहून रिक्षाने करंजा, करंजाहून लाँचने रेवस. रेवसला चिखल नि खारफुटी, चालायला वाळू नाही. तिथे उतरलो एवढी नोंद करायची नि अलिबागला मुक्काम. परवा दत्तजयंती, पौर्णिमा. ओहोटी पहाटे अंधारात असल्याने पहिल्या दिवशी फक्त नागावपर्यंत. पुढे रेवदंडा, काशीद, मुरूड. दिघी ते दिवेआगर वाहनाने, लाज वाटायचं कारण नाही.

व्हॅन सुरू आहे. नातवाला माझी आठवण आली नाही, असं त्याने आजच जाहीर केलं, मी समोर बसले असताना.

रात्री साडेनऊला ताईचा फोन. तिची सॅक पायमोज्यांसकट पावणेसहा भरतेय, बीपीचं मशीन माझ्याकडे घेशील का. घेतलं. तांब्या बाहेर काढला, प्लास्टिकचा मग आत. सॅक पाण्यासकट ६ किलो ४००.